श्वासाची शुश्रूषा : परिचारिकांचे संशोधन, प्रशिक्षण आणि आपले घर

बेळगावातल्या कोणत्याही मोठ्या दवाखान्याच्या दारात सकाळी उभे राहिले, तर खानापूर, निपाणी, हुक्केरी, शेजारचा चंदगड तालुका अशा सगळ्या बाजूंची माणसे दिसतात. कुणी तान्हे मूल खांद्यावर घेऊन आलेले असते, कुणी म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून. मुलाच्या छातीत कफ दाटलेला असतो, वडिलांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. डॉक्टर तपासतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. त्यानंतर रात्रभर श्वासावर लक्ष ठेवणारी, ऑक्सिजनचा मास्क सारखा करणारी, उशी वर सरकवणारी आणि 'पंप' कसा ओढायचा ते शिकवणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका. आपण तिला सिस्टर म्हणतो. आता बऱ्याच वॉर्डांत ब्रदरही असतात.

आमच्या आरोग्यविषयक लेखांत डॉक्टर आणि औषधे यांच्याविषयी पुष्कळ येऊन गेले आहे. हा लेख परिचारिकांच्या कामाविषयी आहे : श्वसनाच्या आजारांत शुश्रूषेचा नेमका उपयोग किती होतो, त्यावर काय संशोधन झाले आहे, ते परिचारिकांना कसे शिकवले जाते, आणि त्यातले आपण घरी काय उचलू शकतो. यातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या बेळगाव जिल्ह्यातच झालेला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

आजाराचा पसारा

भारतातील दीर्घकालीन श्वसनविकारांचा एक सविस्तर अहवाल २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१६ साली देशात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख आणि दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख रुग्ण होते. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन फुफ्फुसाची ताकद हळूहळू घटत जाण्याचा आजार. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा त्या वेळी १८ टक्के होता, पण दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे होणाऱ्या जगभरच्या आरोग्यहानीतला वाटा ३२ टक्के.

बिडी-सिगारेट हे एक कारण झाले. पण आयुष्यभर तंबाखूला न शिवलेल्या कितीतरी बायकांना हा आजार होतो, तो चुलीच्या धुरामुळे. फाउंड्रीत काम केलेल्या माणसांच्या छातीत वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे जात असते. उद्यमबागेसारखा परिसर असलेल्या आपल्या शहराला हे वेगळे सांगायला नको.

हे आजार एका इंजेक्शनाने बरे होणारे नाहीत. ते रोज सांभाळावे लागतात, आणि रोजचे सांभाळणे हेच शुश्रूषेचे क्षेत्र आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, तेव्हा रुग्णाला मिळणारी स्वच्छ हवा ही पहिली गोष्ट म्हणून मांडली होती. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. म्हणजे आधुनिक शुश्रूषेच्या आरंभापासून श्वास आणि प्रशिक्षण ही जोडी एकत्र आहे.

पहिला मिनिट : बेळगाव जिल्ह्यातला अभ्यास

जन्मलेल्या दर दहा बाळांपैकी साधारण एकाला पहिला श्वास घेण्यासाठी कुणाची तरी मदत लागते. बहुतेकांना ती अगदी साधी पुरते : बाळ कोरडे करणे, ऊब देणे, पाठीवरून चोळणे. तेवढ्याने भागले नाही, तर छोट्या मास्कला जोडलेल्या रबरी पिशवीने फुफ्फुसांत हवा देणे. हे सारे पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावे लागते, म्हणून त्या मिनिटाला 'गोल्डन मिनिट' म्हणतात.

हे कौशल्य साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणच्या परिचारिका आणि सुईणींना शिकवता यावे, यासाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने इतर संस्थांच्या साह्याने २०१० मध्ये 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा अभ्यासक्रम आणला. त्यात चित्रांचा तक्ता असतो आणि सरावासाठी बाळाची बाहुली असते. बाहुलीत पाणी भरले की ती खऱ्या बाळाइतकी जड लागते. दोघीदोघींनी जोडी करून, एकीने बाळंतीण सांभाळणारी आणि दुसरीने शिकवणारी होऊन, सराव करायचा.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी या अभ्यासक्रमाचा उपयोग जिल्ह्यात तपासला. प्राथमिक आरोग्य केंद्रे, जिल्हा रुग्णालय आणि शहरातील दवाखाने येथे बाळंतपण करणाऱ्या ५९९ जणांना प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षणापूर्वीची ४,१८७ आणि नंतरची ५,४११ बाळंतपणे यांची तुलना २०१३ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मृत जन्मांचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. त्यांतले 'ताजे' मृत जन्म, म्हणजे बाळंतपणाच्या सुमारासच बाळ गेले असे वाटणारे, १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले.

हा दुसरा आकडा लक्षपूर्वक वाचायला हवा. निपचित पडलेले, न रडणारे बाळ मृत समजून बाजूला ठेवले जाण्याची शक्यता असते. त्यांतल्या काहींचे हृदय चालू असते, फक्त श्वास सुरू झालेला नसतो. अशा बाळाला कुणी वेळेवर हवा दिली, तर ते रडते. पूर्वी ज्यांची नोंद 'मृत' अशी झाली असती, त्यांतली काही बाळे घरी गेली. आज ती शाळेत जात असतील.

त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही प्रामाणिकपणे नोंदवली आहे. जन्मानंतरच्या महिन्याभरातील बालमृत्यूंचे प्रमाण मात्र घटले नाही, प्रशिक्षणापूर्वी १.८ टक्के होते, नंतर १.९ टक्के. पहिल्या मिनिटात वाचलेल्या बाळाला पुढे संसर्गापासून आणि थंडीपासून जपणे हे वेगळे काम आहे आणि त्याला वेगळी व्यवस्था लागते. पुढे बेळगाव, नागपूर आणि केनिया अशा तीन ठिकाणी हेच प्रशिक्षण मोठ्या प्रमाणावर दिले गेले, तेव्हाही परिणाम सगळीकडे सारखा दिसला नाही.

एकदा शिकून भागत नाही

असे का होते, याचे चांगले उत्तर टांझानियातल्या हायडम या ग्रामीण रुग्णालयात मिळाले. तिथे याच अभ्यासक्रमाचे एका दिवसाचे शिबिर झाले. काही महिन्यांनी बाहुलीवर परीक्षा घेतली, तर सगळ्यांची कामगिरी सुधारलेली होती. पण प्रत्यक्ष प्रसूतिगृहात, खऱ्या बाळांच्या बाबतीत, फारसा फरक पडलेला नव्हता. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग त्या रुग्णालयाने पद्धत बदलली. बाहुली कपाटातून काढून प्रसूतिगृहाजवळच ठेवली आणि काम सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे, पण वारंवार, सराव सुरू केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या २४ तासांतील बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. अभ्यासक्रम तोच होता आणि साधनेही तीच होती. सराव तेवढा रोजचा झाला होता.

आपल्याकडे पोळी लाटायला किंवा तबल्यावर हात बसायला एका दिवसाचे शिबिर पुरते असे कुणी म्हणणार नाही. हाताचे कौशल्य रोजच्या सरावाने टिकते. श्वास वाचवण्याची कौशल्ये बहुतांशी हाताची आहेत, आणि या लेखातील पुढची सगळी उदाहरणे हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतात.

लेकराचा श्वास मोजणे : गडचिरोली

न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे हवा, स्टेथोस्कोप हवा, असे आपल्याला वाटते. पण १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनी येथे झालेल्या कामातून एक सोपी खूण पुढे आली : खोकणाऱ्या लहान मुलाचा श्वास ठरावीक आकड्याहून जलद असेल, तर न्यूमोनियाची शक्यता धरून उपचार सुरू करावा. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले आकडे असे आहेत :

• दोन महिन्यांच्या आतले बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास
• २ ते ११ महिने : ५० किंवा अधिक
• १ ते ५ वर्षे : ४० किंवा अधिक

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ही खूण गावातल्या माणसांच्या हाती दिली. गावातील आरोग्यसेवक आणि सुईणींना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व प्रतिजैविकाचे औषध द्यायला शिकवले. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहून कमी झाले.

अडचण होती ती मोजण्याची. ज्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत आकडे येत नव्हते, त्यांनी काय करावे? बंग दांपत्याने त्यासाठी 'ब्रेथ काउंटर' नावाचे साधे साधन तयार केले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याच्या मण्यापर्यंत पोहोचलो, तर न्यूमोनिया. शिकणाऱ्याला जेवढे येते तिथून शिकवायला सुरुवात करायची, हे प्रशिक्षणाचे तत्त्व या मण्यांतून आपल्याला दिसते. आज आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन बाळाचा श्वास मोजतात, त्यामागे अशा कामांचा मोठा वाटा आहे.

वॉर्डातला दुर्लक्षित आकडा

गावातली सुईण एक मिनिट बसून श्वास मोजते; मग मोठ्या रुग्णालयात तर हे होतच असेल, असे आपण धरून चालतो. संशोधन वेगळे सांगते.

रुग्णाच्या पायाशी लटकणाऱ्या तक्त्यावर ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी असतात. ताप, नाडी, रक्तदाब आज यंत्र दाखवते. श्वास मात्र बहुतेक ठिकाणी डोळ्यांनीच मोजावा लागतो, आणि घाईत तोच राहतो. २००८ साली ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखाचे शीर्षकच श्वासगतीला 'दुर्लक्षित' म्हणणारे होते. २०१७ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमधील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा श्वासाच्या रकान्यात १८ आणि २० हेच आकडे सर्वत्र दिसले. एवढी सगळी माणसे एकाच वेगाने श्वास घेत नसतात. आकडा मोजलेला नसून अंदाजाने लिहिलेला असतो, असाच त्याचा अर्थ होतो.

हे गंभीर का आहे? मोठ्या माणसाचा शांत असतानाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. प्रकृती बिघडू लागली की अनेकदा सगळ्यात आधी हाच आकडा वाढतो. रक्तदाब पुष्कळ नंतर कोसळतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या 'न्यूज' या गुणपद्धतीत श्वास २१ ते २४ असेल तर २ गुण, आणि २५ किंवा अधिक वा ८ किंवा कमी असेल तर ३ गुण दिले जातात. एकाच बाबीत ३ गुण झाले, तरी रुग्णाला तातडीने तपासावे असा संकेत आहे. अंदाजाने लिहिलेल्या १८ मुळे हीच घंटा वाजायची राहून जाते.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी एक युक्ती शिकवतात. 'तुमचा श्वास मोजते' असे सांगितले की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी पाहून झाली तरी मनगट धरूनच ठेवायचे आणि नजर छातीकडे वळवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा. वर्गात हे सगळ्यांना पाठ असते. पण एका परिचारिकेकडे सांभाळता येणार नाहीत इतके रुग्ण असतील, तर प्रत्येकाजवळ मिनिटभर थांबणार कसे? म्हणून हा दोष एकट्या परिचारिकेच्या माथी मारता येत नाही. मनुष्यबळ पुरेसे देणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे.

दात घासल्याने टळणारा न्यूमोनिया

रुग्णालयात दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालेल्या माणसाला तिथेच न्यूमोनिया होणे, ही जुनी डोकेदुखी आहे. तोंडात साठलेले जंतू लाळेबरोबर श्वासमार्गात उतरतात, हे त्याचे एक मोठे कारण. जपानमधील वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वृद्धांची रोज नीट मुखस्वच्छता केली, त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण ११ टक्के होते. बाकीच्यांत १९ टक्के.

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे बार्बरा क्विन आणि डायन बेकर या परिचारिका-संशोधकांनी व्हेंटिलेटरवर नसलेल्या साध्या रुग्णांकडे लक्ष वळवले. त्यांच्या रुग्णालयात चांगले टूथब्रश ठेवले, दात कधी व कसे घासायचे याची पद्धत ठरवली आणि सगळ्या परिचारिकांना ती शिकवली. २०१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार बारा महिन्यांत अशा न्यूमोनियाचे रुग्ण ३७ टक्क्यांनी कमी झाले. ज्या कामाला कुणी 'उपचार' म्हणत नाही, त्याने एवढे साधले. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या अमेरिकन आढाव्यातही टूथब्रशचा उपयोग स्पष्ट दिसला, विशेषतः व्हेंटिलेटरवरील रुग्णांत.

रुग्णाला कसे झोपवायचे, हाही असाच प्रश्न. बार्सिलोनातील १९९९ च्या चाचणीत व्हेंटिलेटरवरचे जे रुग्ण पाठीवर सपाट झोपवले होते, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांना न्यूमोनियाची लक्षणे दिसली. ज्यांचे डोके-खांदे उंच ठेवले होते, त्यांच्यापैकी ८ टक्क्यांना. फुफ्फुसे अत्यंत निकामी झालेल्या ४६६ रुग्णांवर प्रामुख्याने फ्रान्समध्ये झालेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दिवसातून किमान १६ तास पालथे झोपवलेल्यांपैकी २८ दिवसांत १६ टक्के दगावले, इतरांपैकी जवळजवळ ३३ टक्के. कोविडच्या काळात 'पालथे झोपा' हा सल्ला घरोघरी पोहोचला, त्याची पार्श्वभूमी ही होती. पण एक तपशील सहसा सांगितला जात नाही. या चाचणीतील अतिदक्षता विभागांना पालथे झोपवण्याचा पाच वर्षांहून अधिक अनुभव होता. नळ्या न निसटता बेशुद्ध माणूस उलटा करायला तीन-चार सरावलेले हात लागतात. यश पद्धतीचे होते तितकेच त्या हातांचेही होते.

पंप : शिकवणाऱ्यालाही शिकावे लागते

दमा आणि सीओपीडी यांचे मुख्य औषध ओढून घ्यायचे असते. औषध फुफ्फुसात पोहोचले तरच उपयोग. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतील अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात इनहेलर अगदी बरोबर वापरणारे रुग्ण ३१ टक्केच आढळले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा झालेली नव्हती. त्यापुढचा धक्का २०१८ च्या आढाव्याने दिला : डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांच्यापैकी सगळ्या पायऱ्या बरोबर करून दाखवणारे जेमतेम १५ टक्के होते. शिकवणाऱ्यालाच नीट येत नसेल, तर शिकणाऱ्याचा काय दोष?

आमच्या परिचयातील एका आजींची हकीकत येथे सांगावीशी वाटते. दम्यासाठी त्यांना पावडरच्या कॅप्सूल आणि त्या फोडून ओढण्याचे यंत्र मिळाले होते. दवाखान्यात समजावून सांगितले ते कन्नडमध्ये, माहितीचा कागद इंग्रजी आणि कन्नड. आजींनी मान डोलावली. पुढे तीन महिने त्या कॅप्सूल नेमाने, सकाळ-संध्याकाळ, पाण्याबरोबर गिळत होत्या. धाप काही कमी होईना, म्हणून औषध वाढवायचे ठरले. सुदैवाने एका तरुण सिस्टरने विचारले, "आजी, घरी कसं घेता ते मला दाखवा बघू." आजींनी पाण्याचा पेला मागितला, तेव्हा सगळा उलगडा झाला.

'समजलं का?' या प्रश्नाला आपल्याकडची वडीलधारी माणसे 'हो' म्हणतात. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात, आपले अज्ञान दिसू नये म्हणूनही म्हणतात. म्हणूनच परिचारिकांच्या शिक्षणात आता 'करून दाखवायला सांगा' या पद्धतीवर भर दिला जातो. आधी आपण दाखवायचे, मग रुग्णाकडून करून घ्यायचे, चुकले तर पुन्हा दाखवायचे, आणि पुढच्या खेपेला परत तपासायचे. सीमाभागात यात भाषेची भर पडते. आपल्या सिस्टरची भाषा कन्नड असेल, मल्याळम असेल, इंग्रजी असेल. त्यात तिचा दोष नाही, आणि आपल्या आजींचाही नाही. घरातल्या एका माणसाने त्या वेळी शेजारी उभे राहून सगळे ऐकावे आणि आजींकडून मराठीत वदवून व करून घ्यावे, एवढे आपल्या हातात आहे.

हे शिक्षण कसे मिळते

आपल्या मुलामुलींपैकी कुणाला या क्षेत्रात जायचे असेल, तर मार्ग असे आहेत : एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम हा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. पहिल्या दोहोंना कोणत्याही शाखेची बारावी चालते, बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. पदवीनंतर एम.एस्सी. आहे, तसेच अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा 'नर्स प्रॅक्टिशनर' अभ्यासक्रमही आहे. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. २०२१ मध्ये बी.एस्सी.चा अभ्यासक्रम सत्रपद्धतीचा झाला आणि त्यात बाहुल्या व यंत्रांवरील सरावाला रीतसर स्थान मिळाले. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा नवा कायदा मंजूर केला आहे. नोंदणी त्या त्या राज्याच्या परिषदेकडे असते, त्यामुळे कर्नाटकात शिकून महाराष्ट्रात किंवा गोव्यात नोकरी करायची तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि फी यांच्या आधी आम्ही दोन प्रश्न विचारायला सांगू. संस्थेचे स्वतःचे चालते रुग्णालय आहे का? आणि विद्यार्थी प्रत्यक्ष वॉर्डात किती तास, कुणाच्या देखरेखीखाली काम करतात? वर लिहिलेले एकही कौशल्य केवळ फळ्यासमोर बसून येत नाही.

घरी काय करावे

पुढील गोष्टी डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाहीत. त्या सल्ल्याचा पुरेपूर उपयोग व्हावा यासाठी आहेत.

श्वास मोजणे : मूल किंवा मोठे माणूस शांत असताना, शक्यतो झोपेत, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. छाती किंवा पोट वर जाऊन खाली आले की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये. मुलांसाठी वर दिलेले आकडे लक्षात ठेवावेत. मोठ्या माणसाचा श्वास विसावा घेऊनही २४ च्या वर राहत असेल, तर वाट पाहू नये. ओठ-नखे निळसर होणे, वाक्य पुरे बोलता न येणे, श्वास घेताना मुलाच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले, तर मोजत न बसता दवाखाना गाठावा.

ऑक्सिमीटर : बोट गरम असावे, नखावर रंग नसावा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत असे दिसले, की कृष्णवर्णीय रुग्णांत हे यंत्र ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त असल्याचे अधिक वेळा दाखवते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीच्या माणसांनीही हे ध्यानात ठेवावे. आकडा चांगला आहे पण माणूस धापा टाकतो आहे, अशा वेळी माणसावर विश्वास ठेवावा.

पंप : फवाऱ्याचा पंप हलवून घ्यावा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडावा, तोंडात धरून ओठ मिटावेत, सावकाश श्वास घेऊ लागतानाच एकदा दाबावे, श्वास खोल घेत राहावे आणि सुमारे दहा सेकंद रोखावा. दुसरी मात्रा अर्ध्या-एक मिनिटाने घ्यावी. हात आणि श्वास यांचा मेळ जमत नसेल, तर 'स्पेसर' मागून घ्यावा. पावडरचे यंत्र मात्र जोरात आणि झटकन ओढायचे असते, आणि त्यात फुंकर मारायची नसते. स्टेरॉइडचे औषध घेतल्यावर चूळ भरावी.

अंथरुणावरचे रुग्ण : दिवसातून किमान दोनदा दात घासून द्यावेत, कवळी धुवावी. भरवताना आणि त्यानंतर काही वेळ पाठीला टेका देऊन बसते ठेवावे.

धूर : घरातला धूर तोडावा. डास पळवणारी एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरतात, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. दमेकऱ्याच्या खोलीत मच्छरदाणी बरी.

शेवटी

या सगळ्या संशोधनात नवे औषध कुठेच नाही. एक मिनिट थांबून मोजलेला श्वास, टूथब्रश, उंच केलेली उशी, नीट ओढलेला पंप, आणि न रडणाऱ्या बाळाला हवा देणारी पिशवी : साधने एवढीच. ती कामी येतात ती सरावलेल्या हातांत, आणि हात सरावलेले राहतात ते पुन्हा पुन्हा केल्याने.

पुढच्या वेळी दवाखान्यात सिस्टर मनगट धरून नुसतीच उभी आहे असे वाटले, तर तिला मध्येच हाक मारू नये. ती बहुधा आपल्या माणसाचा श्वास मोजत असेल. मोजून झाल्यावर मात्र आकडा किती आला ते जरूर विचारावे. विचारणारा कुणी आहे हे कळले, की तो आकडा अंदाजाने लिहिला जाण्याची शक्यता आपोआप कमी होते.